तापल्या हवेचे घरगुती इंजिन

इंजिन म्हटले की डोळ्यांपुढे वाफ, धूर आणि धडधड उभी राहते. परंतु वाफेचा कणही न लागता, केवळ डब्यात कोंडलेल्या हवेच्या प्रसरण-आकुंचनावर फिरणारे इंजिन घरच्या घरी तयार करता येते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. सुटीत मुलांच्या हातांना काय उद्योग द्यावा, या विवंचनेत असलेल्या घरांसाठी त्याची हकीकत व कृती आम्ही येथे देत आहोत.

या यंत्राचे जनक कोणी कारखानदार नव्हते. रॉबर्ट स्टर्लिंग हे स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक. १८१६ साली, ऐन पंचविशीत, त्यांनी त्याचे पेटंट घेतले आणि १८१८ साली तसे एक इंजिन दगडाच्या खाणीतील पाणी उपसू लागले. त्या काळी वाफेचे बॉयलर फुटून माणसे दगावत. हवेच्या इंजिनात बॉयलरच नसल्याने ते त्या मानाने निर्धोक होते. पुढे १८४३ साली रॉबर्ट व त्यांचे बंधू जेम्स यांनी डंडी येथील ओतशाळेत मोठे इंजिन चालविले. परंतु त्याची सतत तापणारी बिडाची नळकांडी टिकेनात, आणि काही वर्षांतच ते काढून टाकावे लागले. कल्पना खरी होती. धातू तिला पुरा पडला नाही. तरीही ती मेली नाही. वीज पोहोचण्यापूर्वी आपल्या देशात रॉकेलच्या दिव्यावर फिरणारे पंखे असत. त्यांना फिरविणारे इंजिन याच जातीचे.

आता कृती. लोखंडी पत्र्याचा उंच, अरुंद डबा घ्यावा. ॲल्युमिनिअमपेक्षा तो बरा. कारण ॲल्युमिनिअम खालची उष्णता झटकन वर नेते. भांडी घासावयाच्या तारेच्या घासणीचा, डब्याच्या निम्म्या उंचीचा गोळा करून तो सरळ, गुळगुळीत तारेला बांधावा. तो आत सैलसर वरखाली व्हावा; कडेला घासता कामा नये. झाकणाच्या मधोमध भोक पाडून ती तार बाहेर काढावी. तार सहज सरकावी, पण हवा निसटू नये, इतकेच ते भोक असावे. तेथे तेलाचा थेंब द्यावा. झाकणाच्या कडेला छोटी नळी बसवून तिच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधावे. हा झाला आपला दट्ट्या. वर दोन खांबांवर वाकविलेल्या तारेचा आस ठेवावा. आसाची एक भुजा गोळ्याला व दुसरी रबराला जोडावी. दोन भुजांत काटकोन हवा. आसाच्या टोकाला जुन्या दोन-तीन सीडी चिकटविल्या की जड चाक तयार.

डब्याच्या बुडाखाली मेणबत्ती लावावी व वरच्या भागाभोवती ओले फडके गुंडाळावे. गोळा वर गेला की हवा तप्त बुडाशी येते, प्रसरण पावते व रबर बाहेर ढकलते. गोळा खाली आला की हवा थंड टोकाशी जाते, आकसते आणि बाहेरची हवा रबर आत दाबते. गोळा स्वतः जोर लावीत नाही. तो फक्त हवेची जागा बदलतो. शिवाय जाता-येता त्याची जाळी हवेतील उष्णता साठविते व परत करते. ही काटकसर हाच स्टर्लिंग यांच्या पेटंटाचा गाभा होता.

चाकाला बोटाने एक हलका झोका द्यावा लागतो. ते फिरले नाही, तर आधी साबणाचा फेस लावून गळती शोधावी, मग घर्षण, मग भुजांचा काटकोन तपासावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व मिनिटाचे फेरे वहीत टिपावेत. फडके कोमट होताच चाक मंदावते. गार पाणी शिंपडताच पुन्हा वेग घेते. बळ केवळ उष्णतेत नसून उष्ण व थंड यांतील अंतरात आहे, हा कार्नो यांनी १८२४ साली मांडलेला सिद्धांत मुलाला तेव्हा डोळ्यांनी दिसतो. बूड ३०० अंश सेल्सिअस व टोक ३० अंश असेल, तर आदर्श यंत्रही शेकडा ४७ हून अधिक उष्णता कामी लावू शकत नाही. आपले खेळणे त्याचा अल्पांशच देते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. डब्यात पाण्याचा थेंबही राहता कामा नये. बंद डब्यात पाणी तापले की तो बॉयलर होतो, आणि ज्या संकटातून हे यंत्र माणसाला सोडवीत होते तेच आपण घरात आणतो. ज्योतीपाशी वडीलधारे माणूस बसलेले असावे.

१८७६ साली, वृद्ध स्टर्लिंग यांनी एका पत्रात बेसेमर यांच्या नव्या पोलादाचे महत्त्व मान्य केले. त्या पोलादाने वाफेचे इंजिन निर्धोक होऊन हवेचे इंजिन मागे पडण्याचा संभव होता. तरीही त्याच पोलादाने आपले इंजिनही सुधारेल, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. दोनच वर्षांनी ते निवर्तले. १९९६ पासून स्वीडनच्या गोटलांड वर्गाच्या पाणबुड्या याच तत्त्वाची इंजिने पाण्याखाली चालवीत आल्या आहेत.