पेशी निरोप थांबवितात कशा?

काळोख्या वाटेवर पायाशीं कांहीं सळसळलें कीं छाती धडधडूं लागते आणि पाय आपोआप मागें सरतात. कंदील पुढें करतांच तो साप नसून दोरी असल्याचें उमगतें, व थोड्याच वेळांत छाती पूर्ववत् शांत होते. भय उत्पन्न कसें होतें याचें कुतूहल पुष्कळांना असतें. तें ओसरतें कसें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रक्तांतील ॲड्रिनॅलीन नाहींसें होतें हें खरें. पण पेशीहि नुसती वाट पाहत बसत नाहीं.

ॲड्रिनॅलीन पेशीच्या आंत शिरतच नाहीं. पेशीच्या आवरणांतून सात वेळां आरपार ओवलेलें एक ग्राही प्रथिन बाहेरच्या अंगास तें धरतें, आणि आंतल्या अंगास असलेल्या जी-प्रथिनाला जागें करतें. याच घडणीचे सुमारें ८०० ग्राही मनुष्याच्या जनुकसंचांत नोंदले आहेत. वास आणि प्रकाश यांचें ज्ञानहि त्यांच्याच द्वारें होतें. विश्रांतींत जी-प्रथिन जीडीपी नांवाचा लहान रेणू धरून असतें. ग्राहीनें हालवितांच तें त्याच्या जागीं जीटीपी उचलतें व एका विकरास कामाला लावतें; त्यामुळें पेशींत सायक्लिक एएमपी हें द्रव्य तयार होऊं लागतें. परंतु चावी दिलेलें खेळणें जसें थोडें धावून थांबतें, तसें हें प्रथिन धरलेल्या जीटीपीचें स्वतःच विघटन करून पुन्हां निजतें.

मात्र बाहेर ॲड्रिनॅलीन असेपर्यंत ग्राही पुन्हां पुन्हां चावी देत राहणार. म्हणून पेशी त्यालाहि आवरते. जागृत ग्राहीच्या आंतल्या शेपटीवर एक विकर फॉस्फेटच्या खुणा करतें. त्या खुणा ओळखून अरेस्टिन नांवाचें प्रथिन तेथें येऊन बसतें, आणि जी-प्रथिनाची वाट अडते. पुढें आवरणाचा तेवढा भाग आंत ओढला जातो. ग्राही कधीं खुणा पुसून पुन्हां वर पाठविला जातो, तर कधीं मोडींत निघतो. अडविणारें हें अरेस्टिन स्वतःहि दुसरेच निरोप धाडतें असें पुढें आढळलें. शिपायानेंच टपाल वांटावें असा हा प्रकार! या ग्राहींच्या अभ्यासाबद्दल रॉबर्ट लेफ्कोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांना २०१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दम्याचे कित्येक फवारे याच कुळांतील एका ग्राहीवर काम करतात, आणि ते दीर्घकाळ रोज घेतल्यास त्यांचा गुण कांहींसा उतरतो, त्याचें एक कारण हीच व्यवस्था होय.

ही व्यवस्था मोडली तर काय होतें, तें कॉलऱ्यांत दिसतें. जंतुविरहित केलेल्या द्रावणांतहि कॉलऱ्याचें विष असतें, हें कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं दाखविलें. हें विष आंतड्याच्या पेशींत शिरून ॲड्रिनॅलीनचा निरोप नेणाऱ्या जी-प्रथिनालाच गांठतें, आणि जीटीपीचें विघटन करण्याची त्याची शक्ति हिरावून घेतें. खेळणें मग थांबतच नाहीं. ग्राहीनें कांहींहि न सांगतां सायक्लिक एएमपी वाढत राहतें, पेशी क्षार बाहेर टाकतात, आणि क्षारामागें पाणी जातें. तीव्र आजारांत तासाला एक लिटरपर्यंत.

सुदैवानें साखर व मीठ जोडीनें आंत घेणारी आंतड्याची वाट निराळी आहे, आणि ती या आजारांतहि शाबूत राहते. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महलनबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी पाजण्याचा उपाय योजला, तेव्हां तेथील मृत्यूंचें प्रमाण सुमारें ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खालीं आलें. जखडलेलें जी-प्रथिन त्या पाण्यानें सुटत नाहीं. आंतड्याचें अस्तर दर ३ ते ५ दिवसांनीं नवें होतें. विषानें बिघडलेल्या पेशी गळून नव्या येईपर्यंत रोग्याच्या अंगांत पाणी टिकवून धरणें, एवढेंच त्याचें काम.