ऋण संख्येची बाकी
-७ ला २ ने भागले तर पूर्णांकी भागाकार किती आणि बाकी किती? सी आणि जावा या प्रोग्रॅमिंग भाषांत भागाकार -३ येतो, बाकी -१. पायथॉनमध्ये भागाकार -४ आणि बाकी १. ‘भाज्य = भाजक × भागाकार + बाकी’ हे शाळेतले सूत्र दोन्ही जोड्यांना लागू पडते, त्यामुळे गणिताने चूक कोणीच नाही. साडेतीन ऋण असले की सी ते शून्याकडे छाटते, तर पायथॉन संख्यारेषेवर नेहमी डावीकडे सरकते. तरीही दोन्ही नियम सारखेच चांगले आहेत, असे म्हणता येणार नाही. रविवारला ० धरले तर बुधवार ३. त्याच्या पाच दिवस आधीचा वार काढायला ३ मधून ५ वजा करून ७ ने भागायचे. पायथॉन बाकी ५ देते, म्हणजे शुक्रवार, आणि ते बरोबर आहे. सी -२ देते, आणि असा वारच नाही. ‘२ ने भागून बाकी १ उरली तर विषम’ ही साधी परीक्षासुद्धा सीमध्ये -३ वर फसते. मुळातला दोष शून्यापाशी आहे. ७ ने भागताना -६ पासून ६ पर्यंतच्या तेरा संख्यांचा भागाकार सीमध्ये ० येतो. इतर प्रत्येक भागाकाराच्या वाट्याला मात्र सातच संख्या येतात. पायथॉनमध्ये सगळे गट सातांचेच. कालगणनेला आणि नकाशाच्या चौकटींना हा सारखेपणा हवाच असतो.

यावर आक्षेप असा, की प्रोसेसर शून्याकडेच छाटतात, मग वेग का गमवायचा? सीच्या १९८९च्या प्रमाणकाने हा निर्णय यंत्रावर सोडला होता. १९९९मध्ये शून्याकडे छाटणे सक्तीचे झाले. पण २, ४, ८ यांनी भागताना नुसते बिट उजवीकडे सरकवले की पायथॉनचेच उत्तर मिळते. सीच्या उत्तरासाठी कंपायलरला वर दुरुस्ती करावी लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: -७ चा भागाकार ७ च्या भागाकाराच्या बरोबर उलट असावा, ही अपेक्षा पायथॉन मोडते. पैशांच्या हिशेबात ती अपेक्षा रास्तही आहे. पण तिथे प्रश्न रक्कम कशी पूर्णांकात आणायची याचा असतो, बाकीचा नव्हे. (भाजकच ऋण असेल तर पायथॉनचीही बाकी ऋण येते, व्यवहारात असा भाजक विरळा.) जावाने २०१४च्या आठव्या आवृत्तीत पायथॉनसारखी बाकी देणारे ‘फ्लोअरमॉड’ हे वेगळे फंक्शन दिले. बाकी काढण्याच्या जुन्या चिन्हाला हात लावला असता तर त्यावर विसंबलेले प्रोग्रॅम बिघडले असते.