चंचुपात्रावरच्या रेघा

बारावीच्या प्रॅक्टिकलला दरवर्षी एक तरी विद्यार्थी असा निघतोच. बीकर डोळ्यांसमोर धरलेला, एक डोळा मिटलेला, आणि ५० मिलीच्या रेघेला पाणी नेमकं टेकावं म्हणून थेंब थेंब ओतणं चाललेलं. बरीच वर्षं प्रॅक्टिकल घेतल्यामुळे मला त्या एकाग्रतेचं कौतुक वाटतं आणि थोडं हसूही येतं. कारण त्याने तोच बीकर जरा फिरवून पाहिला, तर रेघांच्या शेजारी बारीक अक्षरांत छापलेलं असतं: ±५%. म्हणजे २५० मिलीच्या बीकरात वरच्या रेघेपर्यंत भरलेलं पाणी २३८ मिलीही असू शकतं आणि २६२ मिलीही. एवढ्या ढिल्या रेघेवर थेंबाची काटेकोरी करून उपयोग काय?

खरं तर पाठ्यपुस्तकातलं नावच त्याचं काम सांगतं. चंचुपात्र, म्हणजे चोच असलेलं भांडं. ओतायला, ढवळायला, तापवायला ते उत्तम. रेघा फक्त अंदाजासाठी. कॉनिकल फ्लास्कवरच्या रेघांचीही तीच गत. एर्लेनमायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६० च्या सुमारास तो शंकूचा आकार रूढ केला तो मोजण्यासाठी नव्हे. खाली रुंद, वर निमुळता असल्यामुळे मनगटाच्या झोकाने द्रावण गरगर फिरवता येतं आणि बाहेर सांडत नाही.

मोजायचंच असेल तर भांडी वेगळी. १०० मिलीच्या चांगल्या मोजपात्रात चूक साधारण अर्ध्या ते एक मिलीची. २५ मिलीच्या पहिल्या दर्जाच्या पिपेटमध्ये ती फक्त ०.०३ मिली. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो, म्हणजे पिपेटची चूक थेंबाहूनही लहान.

आणि नेमकी याच पिपेटवर सगळ्यात जास्त फुंकर मारली जाते! द्रावण सोडून झालं की टोकाशी शेवटचा थेंब अडकून राहतो. मुलांना वाटतं, तो आत राहिला तर माप कमी भरेल. म्हणून फूऽऽ. पण ती रेघ आखतानाच त्या अडकलेल्या थेंबाचा हिशेब धरलेला असतो. टोक फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकवायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं आणि पिपेट उचलायची. उरलं ते आतच राहू द्यायचं. फुंकून रिकाम्या करायच्या पिपेटही असतात, पण त्यांच्या वरच्या टोकाला तशी खूण म्हणून पट्टे असतात. तोंडाने द्रावण ओढायची सवय मात्र कुठल्याच पिपेटला लावू नये. त्यासाठी रबरी फुगा आहे, आणि तो कपाटात कुलूपबंद ठेवण्यासाठी घेतलेला नसतो.

फ्लास्क आणि ब्युरेटच्या बाबतीतला गोंधळ याहून मजेदार आहे. टायट्रेशनच्या आधी कॉनिकल फ्लास्क कोरडा ठाक हवा, अशी मुलांची ठाम समजूत असते. कोणी तो रुमालाने आतून पुसतं, कोणी पंख्याखाली धरतं. ब्युरेट मात्र नळाखाली धुऊन, ओलीच, थेट भरतात. करायला हवं याच्या बरोबर उलट. फ्लास्कमध्ये पिपेटने १० मिली ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडलं की त्यात १ मिलीमोल अल्कली पडली. मग फ्लास्कमध्ये आधीचं २० मिली डिस्टिल्ड वॉटर असो वा नसो, अल्कली तेवढीच राहते आणि तिला लागणारं आम्लही तेवढंच. ब्युरेटचं तसं नाही. ५० मिलीच्या ब्युरेटमध्ये धुण्याचं १ मिली पाणी जरी शिल्लक राहिलं, तरी द्रावण २ टक्क्यांनी पातळ होतं आणि १०.० यायच्या जागी रीडिंग १०.२ येतं. म्हणून ब्युरेट शेवटी तिच्यातच भरायच्या द्रावणाने खळबळून घ्यायची आणि फ्लास्क नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने. फ्लास्क चुकून द्रावणाने खळबळला तर काय? भिंतींना चिकटलेले जादा मिलीमोल हिशेबात येतात आणि मग तीन रीडिंगं एकमेकांशी जुळत नाहीत. जर्नलमध्ये ती जुळवली जातात, ती गोष्ट वेगळी.

रीडिंग घेताना वक्राकार पृष्ठभागाचा खालचा तळ पाहायचा, हे पाठ असतं. पोटॅशियम परमँगनेट ब्युरेटमध्ये भरलं की हा नियम फिरतो. त्या गडद जांभळ्यातून खालचा तळ दिसतच नाही, म्हणून वरची कड वाचतात. दोन्ही वेळा, सुरुवातीला आणि शेवटी, तीच कड वाचली की वजाबाकी चुकत नाही.

काचेवर आणखी एक आकडा असतो, तो कोणीच वाचत नाही. परदेशी फ्लास्कवर बहुधा २०° से. छापलेलं असतं, आपल्याकडच्या भारतीय मानकांनुसार बनलेल्या फ्लास्कवर २७° से. हे तापवायचं तापमान नव्हे! त्या तापमानाला ती रेघ खरी, एवढाच त्याचा अर्थ. २० अंशांना बरोबर १ लिटर असलेलं पाणी २७ अंशांना सुमारे १.७ मिलीने फुगतं. आपल्या हवेत २० अंशांची प्रयोगशाळा वातानुकूलन यंत्राशिवाय मिळायची कशी, म्हणून आपला आकडा २७.

‘जाड काच म्हणजे मजबूत काच’ ही समजूत घराघरातली. आपटण्यापुरती ती बरीचशी खरी आहे, उष्णतेपुढे उलटी. काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतताना आधी आत स्टीलचा चमचा ठेवतात, तो उगीच नाही. थोडी उष्णता चमचा शोषून घेतो. नाहीतर जाड बुडाची आतली बाजू तापून प्रसरण पावते, बाहेरची अजून गारच असते, आणि त्या ओढाताणीत ग्लास तडकतो. पातळ काच दोन्हीकडून लवकर सारखी तापते. म्हणून टेस्टट्यूब पातळ असते. मोजपात्र जाड असतं, पण ते कधी आचेवर ठेवायचं नसतं. निर्वात गाळणीचा फ्लास्क जाड असतो तो हवेचा दाब सोसायला, तापायला नव्हे.

बोरोसिलिकेट काच मात्र साध्या काचेच्या जवळजवळ एक तृतीयांशच प्रसरण पावते. ऑटो शॉट यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत येना इथे घडवली, आणि १९१५ मध्ये अमेरिकेत तिच्याच जातीची काच ‘पायरेक्स’ नावाने बाजारात आली. आपल्याकडे ‘बोरोसिल’ हे कंपनीचं नावच काचेचं नाव होऊन बसलं आहे. पण ‘बोरोसिल आहे, फुटणार नाही’ म्हणत बर्नरवरून उतरवलेला बीकर थेट ओल्या कडप्प्यावर टेकवला की जो ‘टक्’ आवाज येतो, तो मी इतक्यांदा ऐकला आहे की पाठमोरा उभा राहूनही ओळखतो. शिवाय तापलेली काच गार काचेसारखीच दिसते. शंका असेल तर हाताची मागची बाजू जवळ नेऊन पाहायची, बोटांनी चाचपायचं नाही.

डिस्टिल्ड वॉटरचा पीएच ७ यायलाच हवा, असं धरून मीटरला दोष देणारेही पुष्कळ. उघड्या भांड्यातलं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. ५.६ ते ६ दाखवणारा मीटर बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. उलट, त्याचा इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवणं ही खरी चूक. त्याला पोटॅशियम क्लोराइडचं ३ मोलर द्रावण लागतं.

राहिला बर्नर. नाव बन्सन यांचं असलं तरी त्यांनी तो एकट्याने शून्यातून काढला नाही. हवा मिसळून वायू जाळण्याचे बर्नर आधीपासून होते, फॅरडे यांनीही तसा एक वर्णिला होता. १८५५ मध्ये हायडेलबर्गला नव्या प्रयोगशाळेसाठी बन्सन यांनी कल्पना सांगितली आणि विद्यापीठाचे यंत्रकारागीर पेटर डेसागा यांनी ती घडवली. पेटंट घेतलं नाही. त्या जवळजवळ बिनरंगी ज्योतीमुळेच पुढे बन्सन आणि किर्खहोफ यांना ज्योतीच्या वर्णपटात सीझियम आणि रुबिडियम सापडले.

मोठी पिवळी ज्योत मुलांना जास्त तापट वाटते. हवेचं भोक बंद असलं की वायू अर्धवट जळतो, काजळीचे कण तापून पिवळे चमकतात आणि तिवईवरच्या भांड्याचं बूड काळं होतं. घरच्या शेगडीचंही हेच होतं. भोक उघडलं की ज्योत निळी होते आणि कितीतरी जास्त तापते. काम थांबवलं की बर्नर पिवळ्यावर ठेवायचा, कारण निळी ज्योत उन्हात दिसत नाही आणि बाही तिच्यावरून जाते.

निळ्या ज्योतीचा आतला सुळका सर्वांत गरम, असंही सांगितलं जातं. मी एक खेळ करून दाखवतो. काडेपेटीतल्या काडीला गुलाच्या खाली टाचणी टोचायची आणि बर्नर पेटवायच्या आधी ती टाचणी नळीच्या तोंडावर आडवी टेकवायची, म्हणजे गूल बरोबर मध्यभागी राहतं. मग वायू सोडून बाजूने पेटवायचं. भोवती निळी ज्योत घोंघावत असते आणि काडी आत तशीच उभी, कारण सुळक्याच्या आत न जळलेला गार वायू आहे. खरी आच सुळक्याच्या टोकाच्या जरा वर, सुमारे १५०० अंश. मुलं वाकून बघतात, कोणीतरी म्हणतं, ‘सर, काडी सादळलेली असेल.’ मग मी वायू बंद करतो, तीच काडी चिमट्याने उचलतो आणि पेटीवर ओढतो.