चौघांचा स्वयंपाक आणि एकमान पद्धत



बारावी झाली की आपल्याकडची बरीच मुलं पुण्याला जातात. कुणी डिप्लोमाला, कुणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीला. सदाशिव पेठेत नाहीतर नारायण पेठेत चौघांत एक खोली, आणि दोन वेळची मेस. पण बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. त्या दिवशी वडापाव, मॅगी किंवा सरळ उपाशी. मग कधीतरी चौघांतला एक जण म्हणतो, "आज मी वरणभात लावतो." घरून कुकर आलेला असतो, डाळ-तांदूळ आलेले असतात. फक्त आयुष्यात कधी गॅस पेटवलेला नसतो.

अशाच एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, आई एक वाटी तांदळाला तीन शिट्ट्या करते. आम्ही चौघं आहोत, चार वाट्या घेतल्यात. म्हणजे बारा शिट्ट्या ना?"

हसू आलं खरं, पण मुलाचं गणित चोख होतं! एकाला तीन तर चौघांना बारा. आपणच वर्गात हे शिकवतो, आणि बरोबरची खूणही करतो. कुठल्या गोष्टी समप्रमाणात वाढतात आणि कुठल्या वाढत नाहीत, हे मात्र आपण फारसं बोलत नाही. स्वयंपाकघरात हा फरक फार चांगला दिसतो.

आधी शिट्टीचंच बघू. उघड्या भांड्यात पाणी साधारण 100 अंश सेल्सिअसला उकळतं, त्याच्या वर तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू 120 अंशांच्या आसपास जातो. म्हणून डाळ लवकर शिजते. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की वरचं वजन उचललं जातं आणि वाफ सुटते, ती शिट्टी. म्हणजे शिट्टी हे अंदाजाचं घड्याळ आहे. आता तांदूळ चौपट झाला तरी तांदळाचा प्रत्येक दाणा तेवढाच आहे ना? दाण्याच्या आतपर्यंत उष्णता आणि पाणी पोहोचायला लागणारा वेळ तोच. भरलेला कुकर तापायला जास्त वेळ घेतो, त्यामुळे पहिली शिट्टी उशिरा होते. जो जादा वेळ लागायचा तो तिथेच वसूल होतो. पुढे शिट्ट्या तीनच. बारा केल्या तर भाताची खीर होईल आणि तळाचं पाणी आटून कुकर करपेल तो वेगळाच.

पाण्याची गोष्ट जास्त मजेशीर आहे. कुकरच्या डब्यात भात लावला तर वाटीला दोन वाट्या पाणी हे माप चौघांनाही जवळपास तसंच चालतं, कारण डब्यातून फारशी वाफ जात नाही. (कुकरच्या तळाशी घालायचं पाणी मात्र वाढवायचं नाही.) पण खोलीत मोठे डबे नसतात, भात पातेल्यातच होतो. तिथे पाण्याचे दोन हिस्से होतात. एक तांदूळ पितो, दुसरा वाफ होऊन उडून जातो. मऊ भातासाठी एक वाटी तांदूळ दीड वाटी पाणी पितो असं धरा आणि अर्धी वाटी उडते. झाल्या दोन. चार वाट्या तांदूळ सहा वाट्या पिईल, हे झालं समप्रमाण. पण उडणारं पाणी तांदळावर अवलंबून नाही. ते पातेल्याचं तोंड किती रुंद, झाकण कसं बसतं आणि किती वेळ शिजतंय यावर ठरतं. तेव्हा वर अर्धी, फार तर एक वाटी. साडेसहा-सात वाट्यांत काम होतं. आठ घातल्या की गिजगिजा. तांदळाच्या वर बोटाचं एक पेर पाणी हे आजीचं माप यामुळेच लहान-मोठ्या भांड्यात बऱ्यापैकी जुळतं.

मीठ मात्र खरोखर चौपट लागतं. तिखटही हिशेबाने तेवढंच, पण चार घरची चार मुलं म्हटल्यावर आधी कमीच घालावं. घातलेलं काढता येत नाही. फोडणीचं तेल चौपट नको. मोहरी बुडेल आणि तडतडेल एवढं तेल असलं की पुरे. एकाला एक चमचा तर चौघांना दोन-अडीच. मोहरी तडतडल्यावरच जिरं, हिंग, आणि हळद अगदी शेवटी, कारण ती लगेच जळते. आमसूल किंवा टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच घालायचं. आंबट आधी पडलं तर डाळ मऊ व्हायला वेळ लावते. नवख्या मुलांची डाळ "शिजतच नाही" त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. अर्धा तास भिजवली तर आणखी सोपं. कुकरमध्ये थेट डाळ लावायची तर निम्म्याच्या वर भरायची नाही. फेस वर येऊन वाफेची वाट बंद होऊ शकते. आणि दाब आपोआप उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, कितीही भूक लागलेली असो.

बटाटे चिरायला चौघं बसले तर पाव वेळ लागेल, हे सातवीतलं व्यस्त प्रमाण. पण खोलीत सुरी एकच असते, तेव्हा तेही गणित बसत नाही!

वर्गासाठी हा उपक्रम करून बघा. मुलांनी घरी विचारून यायचं: एकाला किती, चौघांना किती? तांदूळ, पाणी, मीठ, तेल, शिट्ट्या, वेळ. फळ्यावर तक्ता करायचा आणि काय चौपट झालं, काय नाही, ते मुलांनीच शोधायचं. शाळेतल्या पोषण आहाराच्या ताईंनाही बोलवावं. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ हे प्रमाण त्यांना पाठ असतं. पण दोनशे मुलांच्या भाताला पाणी किती, हे त्या गुणाकार करून सांगत नाहीत, पातेल्याकडे बघून सांगतात. असं का, हे मुलांना त्यांनाच विचारू द्या.

पालकांना एवढंच सांगणं आहे की हा तक्ता आणायला मुलगा स्वयंपाकघरात आला तर "तुला काय करायचंय" म्हणून त्याला परत पाठवू नका. मुलीला पोळ्या लाटायला बसवतो आणि मुलाला ताट वाढून देतो, मग अठराव्या वर्षी दोघांनाही एकाच शहरात खोली करून राहायला पाठवतो. सहावी-सातवीच्या मुलाला तांदूळ धुणं, पाणी मोजणं, डाळ भिजवणं सहज जमतं. कुकर आणि फोडणीला मोठं माणूस शेजारी हवंच.

उरलेल्या भाताचंही सांगून ठेवा. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर उघडा ठेवून सकाळी खाल्ला की पोट बिघडू शकतं, कारण काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि कोमट भातात वाढतात. खोलीत फ्रिज नसेल तर भात तेवढाच लावायचा. दोन घास कमी पडले तर केळी आणावीत.