मस्कतमधले पहिले दिवस : पीटरचे आणि आपले

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांनी ती मुलं नक्की पाहिली असतील. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी आणि नेहमी जोडीनं फिरणारी. मॉर्मन पंथातली ही मुलं अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी घर सोडतात आणि चर्च पाठवेल त्या गावी दोन वर्षं धर्मप्रचार करतात. माझी मावसबहीण सॉल्ट लेक सिटीला असते. तिच्या शेजारणीचा मुलगा असाच निघाला तेव्हा ती मला फोनवर म्हणाली, "अगं, आपण पोराला पुण्याला होस्टेलवर ठेवताना रडतो!"

ओमानमध्ये ही मुलं दिसणार नाहीत. इथं ज्यानं त्यानं आपापल्या देवाची पूजा करावी, दारसैतच्या कृष्णमंदिरात जावं नाहीतर रुवीच्या चर्चमध्ये. पण दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढायला कायद्यानं मनाई आहे. मला विचाराल तर ही व्यवस्था चांगली आहे. पण बहिणीशी बोलल्यावर उत्सुकता वाटली, की पूर्वी इथं असं कुणी आलं होतं का? शोधता शोधता भेटला पीटर झ्वेमर. मॉर्मन नव्हे, अमेरिकेतल्या रिफॉर्म्ड चर्चचा.

मूळच्या डच कुटुंबातला हा मुलगा इलिनॉयमध्ये 1868 साली जन्मला. घरात पंधरा भावंडं, वडील पाद्री. थोरला भाऊ सॅम्युएल 1889 मध्ये स्थापन झालेल्या 'अरेबियन मिशन'च्या संस्थापकांपैकी एक. भावाच्या पाठोपाठ पीटर 1892 च्या अखेरीस बहरीनला आला आणि पुढच्या वर्षी मस्कतला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. मॉर्मन मुलांना निदान जोडीदार असतो. ह्याला तोही नव्हता.

त्याच्या आधी इथं एक माणूस अशा कामासाठी येऊन गेला होता, आणि ती गोष्ट काही धीर देणारी नव्हती. लाहोरचे माजी बिशप थॉमस व्हॅल्पी फ्रेंच निवृत्तीनंतर, वयाच्या 66 व्या वर्षी, फेब्रुवारी 1891 मध्ये मस्कतला आले आणि त्याच वर्षी 14 मे रोजी वारले. जेमतेम तीन महिने. मस्कतच्या मे महिन्याबद्दल आपल्याला कुणी सांगायला नको. 1442 मध्ये विजयनगरला निघालेला अब्दुर रज्जाक इथं थांबला होता, तेव्हा त्यानं लिहून ठेवलं की या उन्हात हाडांतली मज्जासुद्धा उकळते. आपण गाडीचा एसी दोन मिनिटं बंद पडला तरी कासावीस होतो. त्या काळी लोक गच्चीवर ओल्या चादरी पांघरून झोपत.

तरीही ते मस्कत आपल्याला वाटतं तितकं परकं नसावं. बाजारात कच्छी भाटिया व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. व्यवहारात आपला रुपया चालत असे, आणि तो थेट 1970 पर्यंत चालला. 1864 पासून इथं भारतीय टपाल कार्यालय होतं. म्हणजे इथून अमेरिकेतल्या आईला पत्र टाकायचं तर त्यावर हिंदुस्थानचं तिकीट लावायचं.

मी दहा वर्षांपूर्वी लग्न करून आले तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. फॅमिली व्हिसावर नोकरी करता येत नाही, एवढं मात्र पहिल्या आठवड्यात समजलं. आदल्या महिन्यापर्यंत मी वर्गात चाळीस मुलांसमोर उभी होते आणि आता अल खुवैरच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनचा आवाज ऐकत बसले होते. भाषेची अडचण मात्र आली नाही, कारण भाषा लागलीच नाही. किराणावाला मल्याळी, शिंपी बांगलादेशी, दोघंही हिंदी बोलणारे. आपल्यातले कितीतरी लोक 'शुक्रान' आणि 'मा सलामा' एवढ्या भांडवलावर वीस वर्षं काढून परत जातात. पीटरला ती सोय नव्हती. बोलता आलं नाही तर त्याच्या असण्यालाच अर्थ नव्हता, म्हणून तो अरबी शिकला.

त्याच्या धर्मप्रचाराचं मला फारसं कौतुक नाही. पण 1896 मध्ये जे घडलं ते वाचून माझ्यातली बाई जागी झाली. बाई म्हणजे शाळेतली. आफ्रिकेतून मुलं पकडून आणणारी गुलामांची गलबतं तेव्हा या किनाऱ्यावर येत असत. इंग्रजांनी सोडवलेली अठरा मुलगे मस्कतमध्ये पीटरच्या ताब्यात देण्यात आली. अठरा! एकट्या, बिनलग्नाच्या, सत्तावीस वर्षांच्या माणसाकडे. आईबापांपासून तोडलेली, आफ्रिकेतल्या आपापल्या बोली बोलणारी, ना अरबी येणारी ना इंग्रजी.

मी नंदुरबारकडच्या एका शाळेत तीन वर्षं होते. पहिलीच्या वर्गात पावरी बोलणारी मुलं, पुस्तक प्रमाण मराठीतलं. 'पाणी हवंय' हे मुलाला सांगता येत नाही आणि बाईला कळत नाही, असा पहिला आठवडा जातो. त्या आठवड्यात शिकवणं वगैरे काही नसतं. कोण कुणाजवळ बसलं की रडत नाही, कुणाला काय खायला आवडतं, एवढंच बघायचं असतं. माझी मुलं संध्याकाळी घरी तरी जात. पीटरच्या मुलांना तेच घर आणि तीच शाळा. त्यांचं खाणं, अंघोळी, ताप, भांडणं आणि मग कुठे अक्षरं. शिक्षक म्हणून त्याला दंडवत.

पण हवेनं त्याला सोडलं नाही. तापानं खंगून 1898 च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेला परतला आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात गेला. तीस वर्षांचा होता. त्याच्या जागी जॉर्ज स्टोन हा दुसरा तरुण आला. तो 1899 च्या जूनमध्ये बरकाला उष्म्यानं वारला. अरबस्तानात येऊन त्याला पुरतं वर्षही झालं नव्हतं. आता बरकाला आपण शनिवारी मुलांना घेऊन किल्ला बघायला जातो.

अशी माणसं आपल्याकडेही आली होती. गॉर्डन हॉल 11 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईत उतरला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याला देशाबाहेर काढायला कंपनी सरकार टपलेलं. तो चिकटून राहिला, मराठी शिकला, शाळा काढल्या. 1826 मध्ये नाशिकला कॉलऱ्याची साथ होती. जवळची औषधं तिथल्या रोग्यांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर स्वतः कॉलऱ्यानंच गेला. त्याच मिशनची सिंथिया फरार 1827 मध्ये आली. तिची नगरची मुलींची शाळा जोतीरावांनी जाऊन पाहिली होती. पुढचं आपल्याला माहीत आहे.

मस्कतमध्ये मिशनचं काम पुढे दवाखान्याकडे वळलं. डॉ. शेरॉन टॉम्स 1909 मध्ये मतराहला आले; मस्कत-मतराह टेलिफोनची तार ओढताना खांबावरून पडून 1913 मध्ये गेले. त्यांचा मुलगा वेल्स, तोही डॉक्टर, 1939 मध्ये त्याच मतराहमध्ये कामाला आला आणि 1970 पर्यंत राहिला. त्यांनी धर्म किती जणांचा बदलला असेल, तर नगण्य. पण आमच्या इमारतीच्या मालकीणबाईंची आई मतराहची. "माझं बाळंतपण अमेरिकन डॉक्टरांकडे झालं," असं त्या आजी अजून अभिमानानं सांगतात, आणि सांगताना हातातली तसबीह काही थांबत नाही.

बिशप फ्रेंच आणि स्टोन यांच्या कबरी मस्कतजवळच्या एका छोट्या खाडीत आहेत. तीन बाजूंनी डोंगर, तिथं जायचं ते समुद्रातून. गेल्या हिवाळ्यात डॉल्फिन बघायला गेलो तेव्हा नावाड्यानं बोट जरा आत घेतली. वाळूचा लहानसा तुकडा दिसला. लाटा होत्या, त्यामुळे उतरता आलं नाही, आणि आमच्या चिरंजिवांना डॉल्फिनची घाई झाली होती. डिसेंबरात समुद्र शांत असेल तेव्हा पुन्हा जायचा विचार आहे. बोटीत दहा जण मावतात. मंडळातलं कुणी येणार असेल तर कळवा. सकाळी सातला निघू, नाश्त्याला पोहे मी आणीन.