कारण सांगणारा ज्योतिषी

सुरतेत पांडेसऱ्यातल्या डाइंग-प्रिंटिंगच्या कारखान्यांत आणि आसपासच्या वस्त्यांत खानदेशातून आलेली माणसं मोठ्या संख्येने आहेत. त्यातल्या चाळीसगावकडच्यांना पाटणादेवी कुठे आहे हे सांगावं लागत नाही. पण आपल्या गणित-ज्योतिषातल्या सर्वात मोठ्या नावाचा, भास्कराचार्यांचा, दगडावर कोरलेला पुरावा याच देवीजवळच्या पाटण गावचा आहे, हे त्यांच्या मुलांना कुणी सांगतं का? सांगायला हवं.

हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. शके 1128 मध्ये श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने पाटणच्या एका मठाला दान दिल्याची त्यात नोंद आहे. मठ काढला होता चांगदेवाने. हा यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेला ज्योतिषी आणि भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ इथे शिकवले जावेत, एवढ्यासाठी त्याने मठ उभा केला. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात असला तरी अखेरच्या ओळी मराठीत आहेत. ज्ञानेश्वरीच्या ऐंशीएक वर्षं आधीची ही मराठी! बाजारात गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला द्यावा, तेलाच्या घाण्यामागे पळीपळी तेल द्यावं, असा तो हिशेब आहे. ग्रहगणिताच्या शाळेला गावातल्या तेल्याचाही हातभार होता, ही गोष्ट मला राजाच्या दानाहून मोठी वाटते.

भास्कराचार्यांचा जन्म शके 1036चा, म्हणजे इसवी सन 1114चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड हे आपलं गाव, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. ते नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत वाद आहे; कुणी पाटणच्या परिसराकडे बोट दाखवतं, कुणी विजापूरकडे. छत्तिसाव्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे उतारवयात पंचांगकर्त्यांच्या सोयीसाठी ‘करणकुतूहल’ लिहिलं; त्यातली गणितं शके 1105 पासून सुरू होतात. लीलावती ही त्यांची मुलगी आणि तिचं लग्न मोडलं, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. तिचा आधार मात्र अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतराची प्रस्तावना. भास्कराचार्यांनी स्वतः तसं कुठेही म्हटलेलं नाही.

त्यांच्या आधीही ग्रहगणित होतं. ब्रह्मगुप्ताचा ग्रंथ 628 मधला, आणि भास्कराचार्य बहुतांशी त्याच्याच वाटेने जातात. त्यांचं वेगळेपण आहे ते कारणं देण्यात. सिद्धांतशिरोमणीवर त्यांनी स्वतःच ‘वासनाभाष्य’ लिहिलं. वासना म्हणजे इथे उपपत्ती: नियम असा का, याचं उत्तर.

गोलाध्यायात ते विचारतात, पृथ्वी कशावर टेकली आहे? आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा. शेवटी कुणीतरी स्वतःच्या बळावर उभं आहे असं मानावंच लागतं, मग पृथ्वीच का नको? ती सपाट दिसते कारण कुठल्याही मोठ्या वर्तुळाचा शंभरावा भाग सरळच दिसतो. ग्रहणाबद्दल तर त्यांची नजर विलक्षण आहे. चंद्रग्रहणात उरलेल्या चंद्रकोरीची टोकं बोथट असतात आणि ग्रहण लांबतं, म्हणजे झाकणारी वस्तू मोठी: पृथ्वीची सावली. सूर्यग्रहणात टोकं अणकुचीदार असतात आणि ग्रहण लवकर सुटतं, म्हणजे झाकणारी वस्तू लहान: चंद्र. दोन्हीकडे एकच राहू असता तर हा फरक कसा पडला असता?

पृथ्वीचा परीघ ते 4967 योजनं देतात आणि तो पडताळायची रीतही सांगतात: विषुववृत्तापासून उज्जैन परिघाच्या सोळाव्या भागावर आहे, ते अंतर सोळापट करा. सोळावा भाग म्हणजे साडेबावीस अंश. आज उज्जैनचा अक्षांश तेवीस अंशांहून थोडा जास्त येतो, पण रीत खरी आहे.

ग्रंथ छापून जगापुढे येण्यातही मराठी माणूस आहे. पुण्यात जन्मलेले, काशीला शिकवणारे बापूदेव शास्त्री यांनी लॅन्सलॉट विल्किन्सनने केलेलं गोलाध्यायाचं इंग्रजी भाषांतर तपासलं. ते 1861 मध्ये कलकत्त्याहून निघालं. ज्याला मराठीतून सुरुवात करायची आहे त्याने ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ मिळवावं.

आणि सुरतेच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांना एक विनंती. सुरतेचा अक्षांश सुमारे 21 अंश. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यावर एकेक दिवस असा येतो की भर मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेमध्ये सुट्टी असते आणि जुलैत ढग. तरी जमेल तेव्हा मुलांना गच्चीवर न्यावं, ओळंब्याने काठी सरळ उभी करावी आणि सावली का नाही, हे आधी त्यांनाच विचारावं.