दीडशे विहिरींवर उभं देऊळ!

विहिरीवर मोट असते, रहाट असतो. पण विहिरींवर इमारत? तीही एक-दोन नव्हे, सुमारे दीडशे विहिरींवर? दोस्तांनो, चेन्नईच्या एग्मोर भागातलं सेंट अँड्र्यूज चर्च असंच उभं आहे.

हे मुळात प्रेस्बिटेरियन पंथासाठी बांधलेलं चर्च. प्रेस्बिटर म्हणजे वडीलधारा. या पंथात बिशप नसतो, निवडलेली वडीलधारी मंडळी कारभार पाहतात. स्कॉटलंडमध्ये हाच पंथ मोठा. ईस्ट इंडिया कंपनीत स्कॉटिश लोक खूप, त्यांना स्वतःचं प्रार्थनास्थळ हवं होतं. (आपल्या मुंबईत, फोर्टमध्ये, त्यांचं चर्च १८१९ साली उघडलं.) मद्रासमध्ये १८१८ साली पायाभरणी झाली. पण जागा कशी? पावसाळ्यात फुगणारी, भुसभुशीत! वर दगडविटांचा डोंगर चढवला तर खचणारच की.

काम होतं मेजर थॉमस डी हॅविलँड या इंजिनियरकडे. मोठा हट्टी माणूस! श्रीरंगपट्टणला असताना त्यानं कावेरीवर विटांच्या लांबलचक कमानींचा पूल सुचवला. टिकणार नाही, असं लोक म्हणाले. पठ्ठ्यानं आपल्या बागेतच शंभर फुटांहून लांब कमान बांधून दाखवली. ती १९३७ सालापर्यंत उभी होती!

मद्रासला त्यानं आपल्याकडची जुनीच युक्ती वापरली. ताजमहालाचा पायाही असाच आहे. जमिनीवर विटांचं गोल कडं रचायचं आणि आतली माती उपसत जायचं. कडं स्वतःच्या वजनानं खाली उतरतं, मग वर आणखी विटा. घट्ट थर लागला की थांबायचं. कुठे १४ फुटांवर थांबले, कुठे थेट ५० फुटांवर! आत उतरून चिखल उपसणाऱ्या मजुरांची नावं मात्र कुठे कोरलेली नाहीत.

१८२१ साली चर्च उघडलं. मधला भाग चक्क गोल. १६ खांबांवर सुमारे ५१ फूट रुंद घुमट. वाळवीच्या भीतीनं छताला लाकूड टाळलं, सगळं विटा-चुन्याचं. खांबांचा चुना इतका घोटलेला, की संगमरवरच वाटावा. बाहेरचा मनोरा १६६ फुटांचा.

एग्मोर स्टेशनवर उतरलात तर आईबाबांना तिकडे घेऊन जाच. आत शिरलात की आधी मान वर करा. घुमट निळा आहे, आणि त्यावर सोनेरी तारे आहेत.